वाट वाकडी करून



श्रावणातल्या एखाद्या रविवारी आंबोलीचा घाट ज्याने पाहिला असेल, त्याला गर्दी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. धबधब्याच्या अलीकडे मोटारींची लांबच लांब रांग लागलेली असते, भज्यांच्या आणि कणसांच्या गाड्यांचा धूर धुक्यात मिसळलेला असतो, आणि ज्या पाण्याचा आवाज ऐकावयास माणसे इतकी दूर आलेली असतात तो आवाज त्यांनीच बरोबर आणलेल्या गाण्यांच्या गोंगाटात बुडून गेलेला असतो. नाताळच्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्याची स्थिती याहून वेगळी नसते. मला या माणसांची थट्टा करावयाची नाही. सहा दिवस राबणाऱ्याला सातव्या दिवशी पाणी पाहावेसे वाटले तर त्यात गैर ते काय? माझा प्रश्न एवढाच आहे की, सारे जण एकाच ठिकाणी का जातात?

जेथे माणसे गेलेली असतात तेथेच माणसे जातात, हे त्याचे सरळ उत्तर. शेजाऱ्याने मोबाईलवर एक छायाचित्र दाखविले की, तेच छायाचित्र आपलेही असावे असे वाटू लागते. पूर्वी देवस्थानांच्या जत्रा अशाच वाढत; परंतु जत्रेला निदान वर्षातला एक दिवस नेमलेला असे.

मी कडोलीचा. बेळगावच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातले हे गाव. दर वर्षी जानेवारीत येथे मराठी साहित्य संमेलन भरते, तेवढ्यापुरते बाहेरच्या लोकांना ते ठाऊक असते. आमच्या या मुलखाची एक गंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र कोल्हापुराला जोडला गेला. त्यामागच्या वादात आज शिरावयाचे नाही. मी येथे केवळ प्रवाशाच्या दृष्टीने पाहतो आहे. त्या दिवसापासून आमचा प्रदेश दोन नकाशांच्या कडेला जाऊन पडला. मराठीतले प्रवासाचे पुस्तक उघडावे तर ते पन्हाळ्यापर्यंत येते, फार तर चंदगडच्या एखाद्या गडाचे नाव घेते आणि संपते. कन्नड पुस्तक उघडावे तर ते हंपी, बदामी, पट्टदकल यांतच रमते. खानापूरच्या रानापर्यंत येता येता त्याची पाने संपतात. कडेला जे असते ते कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. म्हणून आमच्याकडची काही फार जुनी, फार सुंदर ठिकाणे आजही रिकामी आहेत. त्यांपैकी थोड्यांविषयी मी बोलणार आहे.

हा विषय मला का सुचावा? मी शाळामास्तर आहे. दिवाळी सरली की वर्गात सहलीचे वारे वाहू लागतात. मुलांना समुद्र हवा असतो, पालकांनाही मुलांना लांब कोठे तरी न्यावे असे वाटते. लांबची सहल म्हणजे आरामगाडी, दोन मुक्काम, आणि माणशी बराच मोठा आकडा. तो आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात चारपाच मुले अशी असतात, की ती मान खाली घालून वहीत काहीतरी रेघोट्या ओढू लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला ताप आलेला असतो, एकाच्या मामाचे लग्न निघालेले असते, आणि एकीला गाडी लागते. मास्तरांनाही हे ताप आणि ही लग्ने कळतात. पण कळून न कळल्यासारखे करावे लागते. सहल निघते तेव्हा ही मुले शेतात बटाट्याच्या नाहीतर भाजीच्या वाफ्यात असतात. म्हणून गेली काही वर्षे मी हट्ट धरला आहे, की सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल आणि गाडीभाडे साऱ्यांना झेपेल, अशाच ठिकाणी वर्ग न्यावयाचा. पहिल्या वर्षी एका पालकाने मला विचारले, “सर, हलशीत काय हाय बघण्यासारखं? देऊळच बघायचं तर आमच्या गावात न्हाई काय?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी आज जरा सविस्तर देतो.

हलशी हे खानापूर तालुक्यातले एक लहानसे खेडे. बेळगावहून खानापूर, तेथून नंदगड आणि नंदगडहून हलशी, असा रस्ता आहे. बेळगावपासून अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. कौलारू घरे, भाताची खाचरे, आणि पलीकडे घाटाकडे चढत गेलेले रान. गावात शिरताना कोणाच्याही मनात येणार नाही, की ही एका काळी राजधानी होती. बनवासीच्या कदंबांच्या काळी हिचे नाव पलाशिका. त्यांच्या राज्याचे हे दुसरे मोठे केंद्र. ही गोष्ट पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे शिवरायांच्याही हजार-अकराशे वर्षांपूर्वीची. एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळच्या उंचवट्यात ताम्रपट सापडले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते वाचून प्रसिद्ध केले आणि पलाशिका पुन्हा उजेडात आली.

या ताम्रपटांत लढायांची वर्णने फार नाहीत, हे मला विशेष वाटते. काकुस्थवर्म्याने आपल्याला संकटातून वाचविणाऱ्या श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला शेत दिले, असे एका पटात आहे. मृगेशवर्म्याने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधविले, असे दुसऱ्यात आहे. आणि रविवर्म्याचा पट तर मी मुलांना हमखास समजावून सांगतो. त्यात अशी व्यवस्था लावून दिली आहे की, एका गावाच्या उत्पन्नातून दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींच्या निर्वाहाची सोय व्हावी. आमच्याकडचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला या चार महिन्यांचे महत्त्व लगेच पटते. खानापूरच्या रानात आषाढात पाऊस लागला म्हणजे माणसाने जावे कोठे आणि खावे काय? दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाला ही काळजी होती, आणि ती त्याने तांब्यावर कोरून ठेवली.

आज गावात उभे आहे ते मुख्य देऊळ त्यानंतरच्या, म्हणजे गोव्याच्या कदंबांच्या काळचे, बाराव्या शतकातले. त्याला भूवराह-नरसिंहाचे देऊळ म्हणतात. तेथील शिलालेखात कलियुगाचे ४२७०वे वर्ष दिले आहे. आपल्या हिशेबाने ते इ. स. ११६९ च्या सुमारास येते. राजाचे नाव शिवचित्त पेर्माडी. देवळाची रचना चमत्कारिक आहे. नेहमी एक गाभारा असतो आणि त्यासमोर मंडप. येथे एकाच मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकात वराह, पृथ्वीला उचलून धरलेला. समोरच्या गाभाऱ्यात नारायण आणि नरसिंह. मंडपाच्या मध्यभागी उभे राहिले म्हणजे दोन्हीकडून दोन देव आपल्याकडे पाहत असतात. मी ख्रिस्ती माणूस; माझ्या मंदिरात एक वेदी आणि तिच्याकडे तोंड करून बसलेली माणसे, एवढीच रचना मला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे पहिल्यांदा त्या मंडपात गेलो तेव्हा कोणाकडे पाठ करावी हेच मला कळेना. माझ्या एका विद्यार्थ्याला वेगळीच अडचण पडली. वराहाकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, “सर, देवानं पृथ्वी उचलली खरी, खरं ठेवणार कुठं?” आमच्या भागात ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थाने येतो, हे परमुलखातल्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तुम्हांला देता आल्यास पाहा.

हे एकच देऊळ पाहून परतू नये. गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी लहानमोठी देवळे गावात आणि आसपास विखुरलेली आहेत. काहींची पडझड झाली आहे, काहींभोवती गवत माजते. मोठ्या स्थळी मार्गदर्शक हात धरून नेतो, तेथे डोळे आपले असले तरी पाहणे त्याचे असते. हलशीत वाटाड्या नाही. कोणत्या दगडापुढे थांबावयाचे हे तुम्हीच ठरवावयाचे. मी मुलांना एक काम देतो. प्रत्येकाने एक खांब निवडावा आणि त्याचे चित्र काढावे. अर्धा तास एका खांबापुढे बसलेले मूल तो खांब जन्मभर विसरत नाही. छायाचित्र काढणाराच्या मात्र तो संध्याकाळपर्यंतही लक्षात राहत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि परतताना नंदगडला उतरावे. संगोळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिले ते हे गाव. २६ जानेवारीला तेथे माणसांचा पूर लोटतो. इतर दिवशी त्याच्या समाधीपाशी शांतपणे उभे राहता येते.

रायण्णाचे नाव निघाले की कित्तूरचे नाव ओघाने येते. राणी चन्नम्मा ही आमच्या शेजारच्या काकतीची लेक. कडोलीची मुले तिला आपलीच समजतात. तिने १८२४ साली इंग्रजांशी झुंज दिली, त्यात थॅकरे नावाचा त्यांचा कलेक्टर मारला गेला. कित्तूरचा पडका वाडा पाहावयास पुष्कळ लोक जातात. तेथे भिंतीतून ध्रुवतारा पाहण्याची योजना केलेली आहे, ती मुलांना फार आवडते. ऑक्टोबरातल्या उत्सवात तर पाय ठेवावयास जागा नसते. परंतु या हजारो माणसांपैकी किती जण पाचसहा किलोमीटरांवरच्या देगावला जातात? तेथे कमलनारायणाचे देऊळ आहे. शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने ते इ. स. ११७४ च्या सुमारास बांधविले, म्हणजे हलशीच्या लेखानंतर पाचच वर्षांनी. शिल्पकाराचे नाव तिप्पोज. तीन गाभारे, पुढे खांबांचा मंडप, आणि एकूण इमारत अंगाने बुटकी पण कोरीव कामाने गच्च. येथला लेख संस्कृत भाषेतला आहे, आणि तो जुन्या कन्नड व नागरी अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला आहे. ज्याला जी लिपी येईल त्याने ती वाचावी, असा त्या राणीचा मनोदय असावा. आमच्या गावात एकाच घरातली दोन भावंडे कधी कधी दोन माध्यमांच्या शाळांत जातात, म्हणून या लेखापुढे मी जरा जास्त वेळ थांबतो. तिप्पोजाचे नाव मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. राजाराण्यांची नावे पुस्तकांत असतात. छिन्नी धरणाऱ्याचे नाव क्वचित सापडते.

आता सौंदत्ती. यल्लम्माच्या डोंगरावर माघी आणि चैत्री पौर्णिमेस महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून जी माणसे येतात त्यांची गणना लाखांत करावी लागते. ती श्रद्धेने येतात आणि मी त्यांना आडवाटेला वळा असे म्हणणार नाही. परंतु जो प्रवासी म्हणून जातो त्याने डोंगरावरून खाली उतरून हुली गाठावे. सौंदत्तीपासून ते आठनऊ किलोमीटरांवर आहे. तेथले पंचलिंगेश्वराचे देऊळ चालुक्यांच्या काळचे. नावाप्रमाणे त्यात पाच लिंगे आहेत, आणि त्याचा लांबट मंडप आतून पाहिला म्हणजे एखाद्या दगडी धर्मशाळेत आल्यासारखे वाटते. गावात आणि गावाभोवती दुसरी कितीतरी जुनी देवळे पडक्या अवस्थेत आहेत. डोंगरावर मुंगीला शिरावयास वाव नसतो त्याच दिवशी येथे तुमच्या पावलांचा आवाज तुम्हांला ऐकू येतो. अंतर म्हणावे तर वडापने अर्ध्या तासाचे.

सौंदत्ती ही रट्टांची राजधानी. पुढे त्यांनी ती वेणुग्रामास, म्हणजे आपल्या बेळगावास हलविली. त्यांच्या काळची कमल बस्ती बेळगावच्या किल्ल्यात आहे. १२०४ साली, चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, बिचिराज नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने हे जैन मंदिर बांधविले. मंडपाच्या छतातून उमललेले दगडी कमळ खाली लोंबते, त्यावरून हे नाव. तिचे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून हा किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गाडी चुकली म्हणून स्थानकावर तासभर जांभया देणारे प्रवासी मी नेहमी पाहतो. तेवढ्या वेळात बस्ती पाहून होते, आणि खिशातून काही जात नाही.

बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरचे नाव मी केवळ माझ्या धर्माचे म्हणून घेत नाही. आर्मांदो आल्व्हारिस हे गोव्याकडचे येशूसंघीय धर्मगुरू गेल्या शतकात तेथे आले, भगवी वस्त्रे नेसून स्वामी अनिमानंद झाले, आणि या भागातल्या लिंगायत विरक्त मठांच्या धर्तीवर त्यांनी स्नानिक अरुळप्पा विरक्त मठ उभारला. स्नानिक अरुळप्पा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. ख्रिस्ती मठ पाहावयाचा तर गोव्यालाच गेले पाहिजे असे समजणाऱ्यांनी एकदा येथे यावे. गोव्याची भव्य देवालये आणि हा खेड्यातला मठ यांत तुलना नाही. परंतु परका धर्म एखाद्या मातीत रुजू पाहतो तेव्हा तो काय काय करतो, हे येथे अधिक नीट कळते.

आता जरा पश्चिमेकडे, महाराष्ट्राच्या बाजूला वळू. नेसरीचे नाव घेतले की मराठी माणसाच्या अंगावर शहारा येतो, कारण कुसुमाग्रजांची कविता आणि तिचे गाणे घराघरांत पोचले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामास आले, ती ही खिंड. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या मुलखात ती आहे. आमच्या कडोलीहून सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. तेथे स्मारक आहे. ते गाणे ज्यांना तोंडपाठ आहे अशा माझ्या परिचितांपैकी बहुतेकांनी ही खिंड पाहिलेली नाही, आणि ती आपल्या एवढ्या जवळ आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. नेसरीवरून सामानगडाला जावे. १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजी कारभाराविरुद्ध बंड केले त्याचा आरंभ या गडावर झाला. सत्तावन्न सालच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट. गड चढावयास कष्ट नाहीत, वर सपाटी आहे, कमानींची विहीर आहे, आणि लहान मुलांना मोकळे सोडता येते. मात्र विहिरीच्या काठाशी एक मास्तर उभा ठेवावा लागतो.

पारगड मात्र याहून दूर, चंदगडच्या अगदी टोकाला. तेथून खाली कोकण आणि पलीकडे गोव्याचा मुलूख दिसतो. शिवरायांनी हा गड तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याच्या स्वाधीन केला, आणि आकाशात चंद्रसूर्य असेतोवर गड जागता ठेवा अशी आज्ञा केली, असे परंपरा सांगते. महाराष्ट्रात गड पुष्कळ आहेत, पण बहुतेक ओस. पारगडावर मात्र त्या वेळच्या शिबंदीचे वंशज आजही घरे करून राहतात. गडावर भवानीचे देऊळ आहे. तेथे गेल्यावर इतिहासाविषयी प्रश्न विचारावयाचा तर तो भिंतीला विचारावा लागत नाही. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारता येतो. परंतु लक्षात असू द्या, हे लोक तेथे आपले दर्शन देण्यासाठी बसलेले नाहीत. त्यांना त्यांची शेते आहेत, गुरे आहेत, आजारी माणसाला खाली न्यावे लागते ती वाट आहे. पाण्याचा हंडा घेऊन चाललेल्या बाईचे छायाचित्र तिला न विचारता काढणारा प्रवासी मला तरी सहन होत नाही.

प्रत्येक अपरिचित ठिकाण अपरिचित राहिले म्हणून मोठेच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कोणी जात नाही, कारण तेथे खरोखरच काही नाही. आणि काही गर्दीची ठिकाणे गर्दी सोसून पाहावीत अशीच आहेत. गोकाकचा धबधबा त्यांपैकी एक. घटप्रभेचे पाणी ५२ मीटर उंचीवरून नालेच्या आकाराच्या कड्यावरून कोसळते, आणि कडेला १८८७ सालची जुनी सूतगिरणी. पण तेथे पावसाळ्यातच जावे. मे महिन्यात जाणारा नुसता खडक पाहून आणि करदंट घेऊन परत येतो. करदंटासाठी गेलात तर गोष्ट वेगळी.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. हलशी, देगाव, हुली या ठिकाणी उपाहारगृहाच्या भरवशावर जाऊ नये. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी बरोबर न्यावे. भाकरीचे फडके घरी परत येते, प्लास्टिकची पिशवी तेथेच राहते; म्हणून आमच्या सहलीत फडक्याचा नियम आहे. परतीची गाडी केव्हा, हे उतरल्याबरोबर विचारून घ्यावे, कारण खेड्यातल्या शेवटच्या गाडीला तुमच्या कलाप्रेमाची माहिती नसते. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. खानापूरच्या रानाकडे पावसाळ्यात जाऊ नये असे मी सांगेन. ज्यांना जळवांचे वावडे नाही त्यांनी आपल्या जबाबदारीवर जावे. देऊळ वापरातले असो वा पडके, पादत्राणे बाहेर काढावीत. आणि भिंतीवर नाव कोरण्याची ज्याला फारच हौस असेल त्याने तिप्पोजाप्रमाणे आधी देऊळ बांधून दाखवावे.

मला असेही विचारले जाते, की अशी ठिकाणे सर्वांना सांगून तुम्ही तेथेही गर्दीच बोलावीत नाही काय? प्रश्न बोचणारा आहे. हलशीला आंबोलीची कळा आली तर मला वाईट वाटेल. पण उलट बाजूही पाहावी लागते. ज्या देवळाकडे कोणीच फिरकत नाही, त्याचा एखादा दगड निखळला तर तक्रार कोण करणार? मूर्ती नाहीशी झाली तर ती काल तेथे होती हे कोण सांगणार? वर्षातून पाचपन्नास शाळांनी येऊन खांबांची चित्रे काढावीत, त्या वह्या घरोघर राहाव्यात, एवढी वर्दळ मला हवी आहे. खानापूर तालुक्यातल्या मुलांनी तरी शाळा सोडण्यापूर्वी पलाशिका पाहिलेली असावी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, “सर, हे पुस्तकात का न्हाई?” तिच्या समजुतीने इतिहास जो असतो तो सातारा, पुणे, दिल्ली, फार झाले तर हंपी अशा ठिकाणी घडतो; आपल्या तालुक्याच्या शेजारी घडत नाही. हलशीहून आल्यावर तिने वहीत नकाशा काढला आणि पलाशिका मध्यभागी ठेवून बेळगाव एका कोपऱ्यात टाकले. भूगोलाच्या दृष्टीने त्यात चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

आणि शेवटी एक असे ठिकाण, जेथे तुम्ही जाऊ नये म्हणून मी त्याचे नाव घेतो. खानापूर तालुक्याच्याच रानात, भीमगडच्या परिसरात, बारापेडेच्या गुहा आहेत. १९१२ च्या सुमारास मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या पाहणीत तेथे एका जातीची वटवाघळे सापडली. रॉटन यांचे नाव त्या जातीला १९१३ साली देण्यात आले. त्यानंतर कित्येक दशके साऱ्या जगात ही वटवाघळे या गुहांखेरीज दुसरीकडे कोठे आढळल्याची नोंद नव्हती. अलीकडे मेघालयात आणि कंबोडियात ती दिसली आहेत. पॅरिसला नाही, लंडनला नाही, आमच्या खानापुरात! भीमगडचे हे रान २०११ सालापासून अभयारण्य आहे, आणि तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, ते योग्यच आहे. दिवसा ही वटवाघळे कपारींत दाटीवाटीने झोपलेली असतात. विजेरीचा एक झोत आणि चारपाच मुलांची एक आरोळी त्यांना पुरे होते. मुले दर वर्षी हट्ट धरतात. मी त्यांना तालुक्याच्या नकाशावर रानाची जागा बोटाने दाखवितो, वटवाघळाचे चित्र फळ्यावर काढतो, आणि पुढच्या आठवड्यातल्या हलशीच्या गाडीसाठी कोणाचे किती पैसे आले ते मोजावयास बसतो.